दुपारचा थेंब

"मान वर कर. आन् मिचकवू नको डोळा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"नको म्हटलं ना."

"आठ दिस झाले, तुझं नको-नकोच चाललंय. काय लोणचं घालायचं का ह्या बाटलीचं?"

मधली सुट्टी होती. राजूरच्या त्या शाळेतली झाडून सगळी पोरं मैदानावर बोंबलत होती. नववीच्या रिकाम्या वर्गात मात्र कैनात मणियार खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिच्यापुढं तिची मैत्रीण ज्ञानेश्वरी, एका हातात औषधाची बाटली आणि दुसऱ्या हातात कैनातचा उघडलेला डबा. घरचे थेंब कैनात स्वतःच टाकायची, खाटेवर उताणी पडून. शाळेत उताणं कुठं पडणार? म्हणून दुपारचा थेंब पाचवीपासून ज्ञानेश्वरीकडं. आणि आठ दिवसांपासून डबाही तिच्याचकडं होता.

कैनातनं बाटली ओढून घेतली, खळखळ हलवली आणि नेमका एक थेंब रुमालात पाडला. बाटली रोज ठरल्याप्रमाणं उतरली पाहिजे. अम्मी ती उजेडापुढं धरून बघते.

"आमच्यात बघ कसं," ज्ञानेश्वरी घास भरत म्हणाली. "एकादशी आन् दुप्पट खाशी. शाबुदाना, भगर, रताळी, काय पायजे ते हाणा. आन् तुमी पानीसुदिक न्हाई. लई कडक बाई."

"हळू बोल. कुणी ऐकेल."

आता हे असं का, ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी येडी आहे. येडी नव्हती. हट्टी होती, आणि पंधरा वर्षांची होती.

कैनातच्या डोळ्यांना आतून सूज यायची. आतून, बरं का. साथीत डोळे येतात तसली नव्हे, की चार दिवस चिपडं पुसली आणि मोकळं झालं. नववं वर्ष लागता लागता जे सुरू झालं ते अजून होतं. औषधानं दाबलं की दबायचं, औषध जरा कमी केलं की पुन्हा डोकं वर काढायचं. उजव्या डोळ्याचं जे वाटोळं व्हायचं ते होऊन चुकलं होतं. त्या डोळ्याला समोर माणूस आहे की दार, एवढंच कळायचं. सगळी भिस्त डाव्यावर. त्यासाठी दिवसातून चारदा थेंब, दर रविवारी रात्री पिवळ्या गोळ्या, सोमवारी त्या गोळ्यांची मळमळ, आणि दीड-दोन महिन्यांनी नगरच्या दवाखान्याची वारी.

तर ह्या थेंबाची एक खोड होती. डोळ्यात टाकला की मिनिटभरात घशात उतरायचा, आणि चव अशी कडूजहर की जीभ आक्रसावी. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात एक बारीक वाट असते, हे डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. आता रमजानच्या रोज्यात घशाखाली काही गेलं, तर रोजा राहील का? कैनातनं कुणाला न विचारता निवाडा करून टाकला: नाही राहणार. म्हणून दिवसाचे तिन्ही थेंब रुमालात. आणि त्याची भरपाई म्हणून संध्याकाळी रोजा सुटला की एकदम चार थेंब डोळ्यात. डोळा म्हणजे काय रांजण आहे, एकदाच भरून ठेवायला! एक थेंब आत राहायचा, तीन गालावरून वाहून जायचे. पण पोरीच्या हिशेबात चारचे चार झाले. बाटली त्यामुळं जरा जास्तच उतरायची, पण अम्मीचं लक्ष ती कमी तर उतरत नाही ना, एवढ्याकडंच.

विचारायचं तरी कुणाला? विचारलं असतं तर कळलं असतं की ती रोजे ठेवतेय. आणि तिला तर रोजा माफ होता.

माफ. ह्या एका शब्दानं तिचं डोकं उठायचं. शाळेत पीटी माफ. उन्हात उभं राहून प्रार्थना माफ. भंडारदऱ्याची सहल माफ. अब्बांचं बांगड्यांचं दुकान, पण गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरणं तिला माफ, कारण दुकान रस्त्यावर आणि रस्त्यावर धूळ. फळ्यावरचं दिसलं नाही तर बाई म्हणायच्या, राहू दे कैनात, तुला माफ. एवढी माफी तर खुन्यालाही मिळत नाही.

तिच्या पहिल्या रोज्याचं ठरलं होतं ते नवव्या वर्षी. लेकराचा पहिला रोजा म्हणजे घरात लग्नाइतकी गडबड. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, संध्याकाळी रोजा सोडायला सगळं गणगोत गोळा. कैनातचा हिरवा शरारा शिवून आला होता. त्याच आठवड्यात डोळा तांबडालाल झाला आणि शरारा पेटीत गेला. पुढं दरवर्षी आजारपण होतंच. यंदा तो शरारा जरा उसवून, मोठा करून सिमरनला घातला. सिमरन तिची धाकटी बहीण, दहा वर्षांची.

चौथ्या रोज्याला सिमरनचा पहिला रोजा झाला. संगमनेरहून फुफी, म्हणजे आत्या, आली, नगरहून मामू आले. फोटोवाल्यानं दोन मोठे दिवे लावले, तशी अम्मी घाईघाईनं कैनातजवळ आली आणि मायेनं म्हणाली, "तू आत बस बेटा, उजेडाचा त्रास व्हईल तुला." कैनात आत बसली. आतून तिला सगळं ऐकू येत होतं. फुफी विचारत होती, मोठीचा कधी झाला? आणि अम्मी सांगत होती, "तिला माफ हाय. आजारी हाय ना लेकरू."

लेकरू! अम्मीएवढी उंच झाली होती ती.

दुसऱ्या दिवशी कैनातनं रोजा ठेवला. घरात तो लपवणं अगदी सोपं गेलं. बाकी सगळेच उपाशी, तिच्या ताटाकडं बघतंय कोण? सुट्टीच्या दिवशी ताट घेऊन गच्चीवर जायची आणि कावळ्यांची चैन व्हायची. पहिल्या दिवशी दुपारी चक्कर आली. तरी संध्याकाळी सगळ्यांच्या बरोबर तिनं खजूर तोंडात टाकला. इतर दिवशीही ती खायचीच की तो, सगळ्यांच्या मध्ये बसून. पण त्या दिवशीचा खजूर तिचा स्वतःचा होता. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. त्या आनंदापायीच पुढचं सगळं झालं.

घरच्यांनाही बोल लावता येत नाही हो. दिवाळीच्या तपासणीला नगरच्या दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी फॉर्म घेऊन आली होती. डोळ्यांच्या जुनाट दुखण्यातल्या पोरापोरींचं रोजचं जगणं कसं आहे, त्याचे प्रश्न. कैनातच्या डोळ्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, तिला अक्षर दिसेना. म्हणून अम्मीनं वाचायला घेतलं. अम्मी, म्हणजे शरिफा, सातवीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचायची. "डोळ्यांमुळे तुम्हाला मैत्रिणींपासून वेगळं पडल्यासारखं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी." कैनातनं तोंड उघडलं, तोवर अम्मीचं उत्तर झालंसुद्धा. "आमी वेगळं पडूच देत न्हाई तिला!" आणि 'कधीच नाही'वर खूण. बावीस प्रश्न, बावीस वेळा कधीच नाही. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, व्वा, छान आहे की तुमची मुलगी. अम्मी दिवसभर खुशीत होती. तिला खरंच तसं वाटत होतं, हीच तर पंचाईत.

तेराव्या रोज्याला उजेड बोचायला लागला.

आधी कैनातनं मनावर घेतलं नाही. मार्च लागलेला, ऊन तापलेलं, कुणाचेही डोळे चुरचुरतील. पण पंधराव्याला वर्गात ट्यूबलाइट लावली आणि तिच्या डोळ्यात कुणी सुई फिरवल्यासारखं झालं. तिनं वहीत डोकं घातलं. वहीच्या पानावर बारीक काळे धागे तरंगत होते. बुबुळ हलवलं की धागे हलायचे. हे धागे तिच्या ओळखीचे होते. उजवा डोळा गेला त्या वर्षी हेच आले होते.

तिच्या पोटात खड्डा पडला. पण पोटात तसंही काही नव्हतं, त्यामुळं तिनं स्वतःला सांगितलं, उपासानं होत असेल.

घरासमोर सूर्यभानकाकांचं बी-बियाणांचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरात नाव आणि खाली बारीक आकड्यात मोबाईल नंबर. सकाळी उठल्यावर उजवा डोळा तळव्यानं झाकायचा आणि डाव्यानं तो नंबर वाचायचा, ही तिची सहा वर्षांची सवय. घरात कुणाला ठाऊक नव्हती. दहाच्या दहा आकडे दिसले की दिवस बरा. सोळाव्या रोज्याला तिनं वाचला, सगळा बरोबर आला. ती खूश झाली आणि जिना उतरता उतरता थबकली. नंबर तर तिला पाठ होता! ती वाचत होती की आठवत होती? परत वर गेली. परत डोळा झाकला. पाटीच्या खाली एक पांढरी रेघ होती, आणि आकडे तिच्या डोक्यातून येत होते.

मग ती चौकात थांबणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचायला लागली. त्या काही पाठ नव्हत्या. सतराव्याला जीपचा नंबर दिसला, पण शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. अठराव्याला दोन आकडे गेले. एकोणिसाव्याला नुसती पांढरी पट्टी.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, बाई गं, सांग की घरी! पण कैनातचं सगळं चित्त मोजण्यात अडकलं होतं. एकोणीस झाले, राहिले अकरा. चंद्र लवकर दिसला तर दहाच. तपासणी ईदनंतर आहेच. इतके दिवस डोळ्यानं धरलं, आणखी दहा दिवस धरेल. रात्री चाराच्या जागी सहा थेंब टाकू. ती नमाज पढायची तेव्हा दुआ एकच, पण अर्धीअर्धी तुटलेली. रोजे पुरे होऊ दे. डोळा राहू दे. मग भीती वाटायची की दोन्ही एकदम मागणं म्हणजे जास्त होतंय का, आणि ती पहिलं मागू की दुसरं, ह्यातच अडकायची. झोप लागायची नाही, लागली तर दचकून उठायची आणि अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून बघायची की अंधार नेहमीइतकाच आहे ना.

विसाव्याला ती शाळेच्या पायरीवरून पडली. गुडघा फुटला. ज्ञानेश्वरीनं तिला उचललं, नळावर नेलं, गुडघा धुतला, आणि तोंडाकडं बघून तिचा चेहराच उतरला.

"कैनात, तुझी बाहुली गोल न्हाई दिसत. चेपल्यावानी झालीय."

"काही नाही."

"काय न्हाई काय! मला येड्यात काढती का? मी आज सांगनार तुज्या अम्मीला."

"शप्पथ घेतलीस तू. माझी शप्पथ आहे तुला."

"मग टाक थेंब! आत्ताच्या आत्ता टाक!"

"दहा दिवस, ज्ञाने. फक्त दहा. तू प्रत्येक गोष्टीत असतेस गं. खेळायला, सहलीला, नाचायला. मला एक तरी करू दे सगळ्यांसारखं."

ज्ञानेश्वरी रडायला लागली. खाल्लेल्या तेरा डब्यांचं ओझं तिच्या पोटात दगडासारखं झालं होतं. शप्पथ मोडली आणि कैनातला काही झालं तर? नाही मोडली आणि काही झालं तर? बिचारीची इकडं आड तिकडं विहीर.

पण पोरगी शेतकऱ्याच्या घरातली. बांध फोडायचा नसला तरी पाणी कसं काढायचं, हे तिला माहीत होतं.

एकविसाव्या रोज्याला, दुपार कलताना, ती मणियारांच्या दुकानात आली. चुलतबहिणीचं लग्न होतं, बांगड्या भरायच्या होत्या. कैनात दुकानाच्या मागं पडद्याआड, अंधारात बसून डझनाच्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती. ते काम हातानं होतं, डोळे लागत नाहीत.

"ये ये, ज्ञानूबाई!" कैनातच्या अब्बांचा, बाबाजानचा आवाज आला. तालुक्यातल्या अर्ध्या बायकांचे हात त्या माणसाच्या ओळखीचे होते. हात धरला की माप सांगायचा. "हिरव्या ना? सैल सोड हात. ढिल्ला, ढिल्ला. घाबरलीस का काय?"

"न्हाई चाचा." मग जरा वेळ नुसती काचेची किणकिण. मग एकदम, "चाचा, एक इचारू? रोजा असल्यावर डोळ्यात औषद टाकलं तर रोजा मोडतो का?"

पडद्याआड कैनातच्या हातातला दोरा थांबला.

"छे छे," बाबाजान सहज म्हणाला. "डोळ्यातल्या थेंबानं न्हाई मोडत."

"घशात कडू लागलं तरी?"

"तरी. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना इचारलंय ना मी. कैनातला औषध सुरू झालं त्याच वर्षी इचारलं. ते म्हणले, घशाला चव लागली तरी हरकत न्हाई, खुशाल टाका. आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर रोजापण ठेवा. पण कोवळं लेकरू, वर त्या गोळ्या. आमीच म्हणलं, राहू दे. तिला माफच बरं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते खोटं नाही. सहा वर्षं उत्तर अब्बांच्या खिशात होतं. दिवसाला तीन थेंब रुमालात गेले, डोळ्यात धागे आले, नंबर पुसला गेला, आणि उत्तर रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून खजूर खात होतं. कैनातला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला इतका राग आला, इतका राग आला, की कुणाचा तेच ठरवता येईना. अब्बांचा? स्वतःचा?

ती पडदा सारून बाहेर आली. रस्त्यावरचं ऊन सरळ तोंडावर आलं. तिनं डोळे गच्च मिटले आणि तशीच उभी राहून म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"काय गं?"

"थेंबानं मोडत नाही हे मला का नाही सांगितलं, अब्बा?"

बाबाजान हसला. "तुला सांगून काय करायचं? तू कुठं रोजे ठेवती..."

ज्ञानेश्वरीचा हात त्याच्या हातात होता, त्या हाताला सुटलेली थरथर त्याला कळली असावी. त्यानं ज्ञानेश्वरीकडं बघितलं, मग लेकीकडं. उठला, कैनातला पुन्हा पडद्याआड नेलं, तिची हनुवटी वर केली आणि मोबाईलचा दिवा न लावता, नुसत्या सावलीत, तिचा डावा डोळा बघितला.

"किती दिस?" त्यानं विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

उत्तर ज्ञानेश्वरीनं दिलं, हुंदके देत, अर्ध्या भरलेल्या हातानं डोळे पुसत.

त्या संध्याकाळी घरात आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. अम्मी कपाळावर हात मारून "या अल्ला" एवढंच म्हणाली आणि बाटली घेऊन आली. नगरला फोन लागला. सकाळी पहिल्या गाडीनं निघा, म्हणाले, तोवर तासातासाला थेंब. सकाळी निघायच्या घाईत अम्मीनं पाण्याचा पेला पुढं केला तेव्हा कैनात म्हणाली, "आज पण आहे माझा. थेंबानं मोडत नाही ना? मग आहे." अम्मीनं अब्बांकडं बघितलं. अब्बांनी मान खाली घातली. पेला परत गेला.

राजूरहून नगर म्हणजे संगमनेरला गाडी बदलून चार तास. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून अम्मीनं तिच्या तोंडावरून ओढणी धरून ठेवली, चारही तास. दर तासाला ओढणी बाजूला व्हायची, थेंब पडायचा, घशात कडू उतरायचं. कैनात ते कडू गिळायची आणि तिला रडू यायचं. हे इतकं सोपं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली. उजेडाची उभी चीर डोळ्यात आली. नेहमी त्या बघता बघता बोलायच्या, शाळा काय म्हणते, गणितात किती पडले. आज बोलल्या नाहीत. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, परत डावीकडून. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि अम्मीच्या पुटपुटण्याचा. कैनातला वाटलं, ह्या बोलल्याच नाहीत तर बरं.

"बाहुली आत चिकटलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "सूज खूप आहे. डोळा वाचेल असं मला वाटतं. पण किती नजर परत येईल, ते आज नाही सांगता यायचं. आठ दिवसांनी बोलू." मग त्यांनी चाकाची खुर्ची कैनातच्या जवळ सरकवली. "तू मला एक फोन केला असतास तर मी तुला रोज्याचं वेळापत्रक करून दिलं असतं गं. चार थेंब टाकून तीसच्या तीस झाले असते तुझे. दर रमजानला देते मी पेशंटना."

कैनातनं मान हलवली.

बाहुली सोडवायला दर दहा मिनिटांनी एक औषध सुरू झालं. आणि कागदावर गोळ्या लिहिल्या, आठ एकदम, पोटभर खाऊन, आत्ता. कैनात कागद धरून तशीच उभी राहिली.

"संध्याकाळी घेतल्या तर? साडेसहाला?"

डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. "पाच तास. एवढे पाच तास तुझ्या डोळ्याकडं नाहीत, बाळा. पण तोंडात मी कोंबणार नाही. तू ठरव."

तिला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर ती अम्मी आणि अब्बांच्या मध्ये बसली. अब्बा खाली जाऊन केळी आणि पावाची लादी घेऊन आले. दोघांचे रोजे होते. दोघांनीही 'खा' म्हटलं नाही. बाकड्यासमोरून माणसं जात होती. कैनातला ती नुसती हलताना दिसत होती, तोंडं नव्हती कुणालाच. तिनं समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते बघायचा प्रयत्न केला. भिंत होती, एवढं कळलं. तिला फार भीती वाटली. आजवर वाटली नव्हती एवढी.

तिनं केळं सोललं आणि खाल्लं. मग पाव खाल्ला. मग आठ गोळ्या, चार-चार करून, पाण्याबरोबर.

बाबाजानला ते बघवेना. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो बोलला, "पुढल्या वर्सी, बेटा. डॉक्टरबाईंना इचारून. पुढल्या वर्सी तुझा पहिला रोजा करू, लई थाटात."

"पहिला कसा, अब्बा?" कैनात म्हणाली. "सतरा झाले माझे. आजचा अठरावा होता."

हजारो हातांत काच न फोडता बांगडी सरकवणारी बाबाजानची बोटं नुसती गुडघ्यावर पडून राहिली. विचारलं ते शरिफानं.

"आन् पहाटे सहरीला काय खायचीस तू?"

"पाणी."

"आन्?"

"पाणीच. मोरीतल्या नळाचं. तुमचं जेवण चाललेलं असायचं ना तेव्हा. उठून आले असते तर कळलं असतं तुम्हाला."

सतरा पहाटा शरिफानं घरातल्या सगळ्यांना हाक मारून उठवलं होतं, गरम भाकरी वाढली होती, सिमरनला तर मांडीवर घेऊन भरवलं होतं. आणि सतरा पहाटा, दिव्याचा उजेड थोरलीच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून, मधलं दार तिनंच स्वतःच्या हातानं ओढून घेतलं होतं. दाराच्या त्या बाजूला लेक जागी होती आणि ताटल्यांचे आवाज ऐकत होती.

दवाखान्यात चारचौघांत रडायचं नाही म्हणून तिनं पदर तोंडात धरला. तरी आवाज आलाच. कैनातनं चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. बाबाजान भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"रात्री तासातासाला थेंब हायेत," शरिफा नाक पुसत म्हणाली. "म्हणजे सहरीला जागीच असशील."

"हो. पण रोजा नाही ना आता मला."

"नसू दे. आमच्यात जेवायला बस."

"अम्मी, उजेड..."

"दिवा इझवू. अंधारात जेवू सगळे." आणि ती दुसरं केळं सोलायला लागली.